हसरा चेहरा शोधण्याची सोळा सत्रं

सत्र पहिलं. पडद्यावर चार चेहरे: तीन पडलेले, एक हसरा. हसऱ्यावर बोट ठेवायचं, एवढंच. मन खचलं की नजर नेमकी पडलेल्या चेहऱ्यांकडे जाते, ती सवय मोडायची, असं डॉक्टर भाग्यलक्ष्मींनी समजावलं होतं. पण विश्वासरावांची एकतीस वर्षं बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात खराब बोल्ट वेचून काढण्यात गेली होती. त्यांनी इमानेइतबारे पडलेले चेहरे वेचले.

"अण्णा, उलटं करायलाय तुम्ही," यंत्रावर बसणारी शिवलीला म्हणाली. ती निपाणीची. बायको कृष्णवेणीबाई गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षांत, या कानडी शहरात त्यांच्याशी कुणी मराठीत बोललेलं ते पहिलं वाक्य.

सत्र नववं. सगळी उत्तरं बरोबर. अशी आणखी दोन सत्रं झाली की उपचार संपले, असं शिवलीलानं कौतुकानं सांगितलं.

सत्र दहावं. विश्वासराव चुकले.

अकरावं, बारावं, तेरावं. चुकले. (मधले रविवार इथं मांडलेले नाहीत. त्यांत काही घडलं नाही.)

सत्र चौदावं. डॉक्टरांना डोळ्यांचा संशय आला. डोळ्यांच्या दवाखान्यात या वयात सापडायचा तेवढा मोतीबिंदू सापडला. गुरुवारी ऑपरेशन ठरलं. खरं कारण सांगितलं, तर सत्रं बंद होणार. त्यापेक्षा डोळा कापून घेणं विश्वासरावांना सोपं वाटलं.

सत्र सोळावं. शिवलीलानं पडदा त्यांच्याकडे वळवला.

"हसरा चेहरा तुम्हाला अर्ध्या सेकंदात सापडतोय. मग तीन सेकंद थांबून बोट शेजारी ठेवताय. यंत्र नजरपण टिपतंय ओ अण्णा."

विश्वासरावांनी चष्मा पुसला. "कधी कळलं तुला?"

"दहाव्यालाच." गाव सोडून आपल्यालाही चार वर्षं झाली, एवढंच ती पुढं बोलली.

"मग आज का सांगतेस?"

"काल डोळ्याच्या दवाखान्यातनं फोन आलता. सोबत येणार म्हणून माझं नाव लिहिलाय तुम्ही."

रकाना रिकामा ठेवला तर अर्ज घेत नव्हते, असं विश्वासराव पुटपुटले. मग हळूच विचारलं, "काय सांगितलंस त्यांना?"

"येते म्हटलं. सुट्टी मंजूर करून घेतली." तिनं यंत्र बंद केलं. "आता ऑपरेशन रद्द करा. पण गुरुवारचं काय करायचं, ते तुम्हीच सांगा."

विश्वासराव विचारात पडले. सारा जन्म याच शहरात, बनशंकरीत गेला होता. पण कुणाला घेऊन कुठं जायचं असतं, ते त्यांना काही केल्या आठवेना.