दफेदार कोणत्या काठावर बसतात

केशवराव अर्जनवीस हॉकीची मॅच मैदानाकडे पाठ करून पाहत.

हे मी गोलकीपर या नात्याने सांगतो आहे, म्हणजे पुराव्यानिशी. माझ्या गोलच्या मागे दोन हातांवर, काळी छत्री जमिनीला टेकवून ते उभे राहत. शिट्टी झाली की सगळं जग मैदानाच्या आत पाहायचं आणि केशवराव बाहेर. आमच्या ‘विजय क्लब’चे ते सेक्रेटरी होते; पण चेंडू, गोल, हारजीत यांच्याशी त्यांना फारसं कर्तव्य नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष प्रेक्षकांवर. कोण आलं, कोण आलं नाही, कोण आलं पण जांभया देत बसलं.

“तो अत्तरवाला उठला,” ते माझ्या पाठीशी पुटपुटत. “बघ, बघ. तिकडंच निघाला.”

“केशवराव, बॉल येतोय.”

“बॉल येतो अन् जातो. माणूस गेला की परत येत न्हाई.”

एवढ्यात बॉल माझ्या पायांमधून आत गेलेला असे. त्या अत्तरवाल्यापायी मी आयुष्यात किती गोल खाल्ले, याचा हिशेब वरच द्यावा लागेल.

आता ‘तिकडं’ म्हणजे कुठं, ते सांगतो. निजामाच्या राज्यातली ही गोष्ट. जालन्यातून पलटणी केव्हाच उठून गेल्या होत्या, पण जाताना हॉकी इथंच विसरून गेल्या होत्या. कुंडलिकेच्या एका काठावर आमचा ‘विजय’. दुसऱ्या काठावर, जुन्या छावणीच्या मैदानावर, ‘सितारा क्लब’. राज्यात आठवड्याची सुटी शुक्रवारी. त्यामुळे दोघांच्याही मॅचेस शुक्रवारीच, उन्हं उतरली की. गावात हॉकी पाहणारी माणसं असतील तीन-चारशे. ती एका वेळी दोन काठांवर बसू शकत नव्हती, आणि हेच केशवरावांचं जन्माचं दुखणं होतं.

सितारावाल्यांनी लग्नाच्या बँडमधला एक क्लॅरिनेटवाला आणून बसवला. केशवरावांनी पुढच्या शुक्रवारी ताशेवाला आणला. हाफटाइमनंतर ताशा ऐकू येईना म्हणून पाहिलं, तर ताशेवाला ताशासकट नदी ओलांडून क्लॅरिनेट ऐकायला गेला होता.

“दर्ज झालं,” केशवराव म्हणाले.

हे त्यांचं पालुपद. तहसील कचेरीबाहेरच्या लिंबाखाली बसून ते लोकांना उर्दूत अर्ज लिहून देत. तीस वर्षं तेच काम केल्यामुळे कचेरीची भाषा त्यांच्या अंगात मुरली होती. मॅचला न आलेला माणूस ‘गैरहाजिर’. सितारावाल्यांकडे गेलेला ‘फरार’. कागदावर ते काही लिहून ठेवत नसत. लक्षात ठेवत, ते जास्त वाईट. शनिवारी एखादा शिंपी कचेरीवरून जाताना दिसला की केशवराव दौतीतून टाक न काढता विचारत, “काल कुठं व्हते?”

“मेहुणीचं पोट दुखत होतं, केशवराव.”

“मेहुणी नदीपल्याड ऱ्हाते का? बरं. दर्ज झालं.”

वारा तिकडून सुटला की सितारावाल्यांच्या गर्दीचा जल्लोष पाण्यावरून सरळ आमच्या मैदानात येई. त्या क्षणी केशवरावांचा चेहरा पाहावा. एखाद्याच्या बायकोने भर बाजारात दुसऱ्याच्या विनोदाला हसावं, तसा होई.

“भाड्याचा आवाज हाय,” ते म्हणत. “मनापासून वरडणारा माणूस असा वरडत न्हाई.”

त्यांच्या घरी जेवायला बसलो की राधाकाकू वाढता वाढता म्हणत, “दुसऱ्यांच्या घरी सवत शेजारच्या गल्लीत असती. माझी सवत नदीपल्याड हाय. अन् ती बी एकटी न्हाई, चांगली तीनशे हाय.” केशवराव भाकरीकडे पाहत राहत. कारण काकूंचा सख्खा भाऊही त्या तीनशेंत बसत असे, आणि त्या मेव्हण्याशी ते दसऱ्यापासून बोलत नव्हते.

प्रेक्षक कमी पडतात म्हणून रडत बसणारा हा माणूस नव्हता. त्यांनी एक नामी उपाय काढला. खेड्यांतून जमिनीच्या कज्ज्यांचे पक्षकार त्यांच्याकडे अर्ज लिहून घ्यायला येत. केशवराव अर्ज लिहीत, आणि शेवटची ओळ मोकळी सोडत. “ही ओळ लई नाजूक असती,” ते सांगत. “शुक्रवारी या. कचेरी बंद ऱ्हाती, म्हणून मैदानावर या. तिथं निवांत लिहू.” झालं. वडीगोद्रीचे, भोकरदनचे शेतकरी डोक्याला पटके बांधून, काखेत कागद धरून, दुपारपासून आमच्या मैदानाच्या कडेला ओळीने बसू लागले.

गर्दी दिसायला झकास. पण तिला हॉकी ठाऊक नव्हती. बॉल जवळ आला की ही मंडळी अदबीने उठून उभी राहत. पंचाने शिट्टी मारली की हात जोडत. एकदा मी पेनल्टी अडवायला वाकून सज्ज झालो होतो, इतक्यात पिंपळगाव रेणुकाईचे एक म्हातारबुवा गोलच्या आत आले आणि मला हळूच म्हणाले, “साहेब, बांधाच्या मामल्यात माझी सुनावणी कवा हाय?”

तो गोलही मी खाल्ला.

पण हे सगळं वरवरचं. केशवरावांचा खरा जीव अडकला होता एकाच प्रेक्षकात.

तो प्रेक्षक म्हणजे दफेदारसाहेब. घोडदळातून निवृत्त झालेले, सत्तरीचे, पांढऱ्या दाढीचे. तरुणपणी छावणीत गोऱ्यांविरुद्ध हॉकी खेळलेले. स्वतःचं घडीचं स्टूल काखेत मारून ते सितारावाल्यांच्या मैदानावर येत आणि चिंचेखाली बसत. चांगला फटका बसला की फक्त दोन शब्द, “जीते रहो.” ते ऐकल्याशिवाय बाकीचे टाळ्या वाजवत नसत. वाईट खेळ झाला की ते मान वळवून पानाची पिंक टाकत, मग पोरांची उमेदच जाई. गावात कुणी हॉकी शिकून पाहत नव्हतं. दफेदारांकडे पाहून पाहत होतं. त्यामुळे जिथं ते स्टूल, तिथं गर्दी.

“एक स्टूल,” केशवराव मला म्हणाले, “फकत एक स्टूल अलीकडं आलं पाहिजे. मंग बघ.”

त्यासाठी त्यांनी काय केलं असेल? दुसऱ्या कुणी जाऊन पाय धरले असते. केशवरावांनी अर्ज केला. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. कोऱ्या जाड कागदावर, उत्तम उर्दूत, बारा मुद्द्यांचा अर्ज. जनाबांनी जागा बदलावी, कारण एक, आमच्याकडे संध्याकाळी वारा चांगला. कारण दोन, चिंचेखाली मुंग्या फार. असं करत करत बारावं कारण होतं की अर्जदार निव्वळ आशेवर जगून राह्यला आहे. खाली सही न करता नुसतं ‘सेक्रेटरी, विजय क्लब’ लिहून कचेरीतल्या शिपायाबरोबर त्यांनी तो दफेदारांच्या घरी धाडला.

एकच गोष्ट ते विसरले. दफेदारसाहेबांना वाचता येत नव्हतं. आणि जालन्यात वाचता न येणाऱ्या माणसाला कागद आला, की तो काय करतो? तो उठतो आणि लिंबाखाली केशवरावांकडे येतो.

मी त्या दिवशी तिथंच होतो. देवाने मला काही सुखं मोजकी दिली, त्यातलं हे एक. दफेदारसाहेबांनी कागद पुढे केला. “केशवराव, ये क्या आया, जरा पढ को सुनाव.”

केशवरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण धंद्याची इज्जत होती. त्यांनी चष्मा पुसला आणि भोवती जमलेल्या पंधरा माणसांसमोर स्वतःचा अर्ज खणखणीत वाचला. मुंग्यांपाशी लोक हसले. बाराव्या मुद्द्याला त्यांचा आवाज जरा बसला.

दफेदारसाहेब दाढी कुरवाळत राहिले. मग म्हणाले, “जवाब लिखो. हमारे घुटने चिंचेखालीच बैठते. नहीं आ सकते.” थोडं थांबून म्हणाले, “लेकिन नरम लिखो. लिखनेवाला भला आदमी दिसता.”

केशवरावांनी मान खाली घातली आणि स्वतःच्याच अर्जाला नकार लिहिला. तोही काय लिहिला! शिपाई, सगळं ठाऊक असून, तो नकार घेऊन मुद्दाम गावभर ‘सेक्रेटरी, विजय क्लब’ कुठे म्हणून विचारत फिरला आणि शेवटी लिंबाखाली परत आला. आठवडाभर केशवराव तो कागद येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. “नकार असा लिहावा,” ते म्हणत. “वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे, आपल्याला काहीतरी भेटलं.”

पुढच्या शुक्रवारी पलीकडून जल्लोष आला, तेव्हा मात्र ते नेहमीसारखेच तोंड आंबट करून उभे होते.

त्या वर्षीच्या थंडीत दफेदारसाहेबांना लकवा झाला. उजवी बाजू गेली. बायको वारलेली, मुलगा हैदराबादला पोलिसात. सितारावाले पहिल्या आठवड्यात संत्री ठेवून गेले. चिंचेखालचं स्टूल गेलं आणि तिकडच्या गर्दीला कुणाकडे पाहून टाळ्या वाजवाव्यात ते कळेना. दोन-तीन शुक्रवारांत निम्मी माणसं नदी ओलांडून आमच्याकडे आली. मग उरलेली आली. अत्तरवाला आला. ताशेवाला आला. मेव्हणासुद्धा आला. आमच्या मैदानावर पाय ठेवायला जागा उरली नाही.

आणि केशवरावच नव्हते.

पहिल्या शुक्रवारी वाटलं, आजारी असतील. दुसऱ्या शुक्रवारीही गोलमागची जागा रिकामी. राधाकाकूंना विचारलं तर म्हणाल्या, “छत्री घेऊन जेवल्याबरोबर गेल्ते. मैदानावर न्हाईत का?” आमचा कॅप्टन म्हणाला, “फरार.” सगळे हसले. मला हसू आलं नाही. ज्या गर्दीसाठी हा माणूस दहा वर्षं जळत राहिला, ती समोर येऊन बसली होती आणि तो तिला पाहायलाही येत नव्हता. मला त्यांचा रागच आला.

तिसऱ्या शुक्रवारी माझं बोट दुखावलं होतं. गोलमध्ये दुसऱ्याला उभं करून मी केशवरावांच्या मागावर निघालो. ते नदी ओलांडून सरळ सितारावाल्यांच्या मैदानावर गेले आणि चिंचेखाली जमिनीवर बसले. औरंगाबादचा संघ आला होता. प्रेक्षक म्हणाल तर वीसेक, शिवाय दोन शेळ्या. सितारावाले चार गोलांनी हरले. त्यांना एकही गोल करता आला नाही. केशवराव शेवटपर्यंत बसले, मग उठून जुन्या बाजाराच्या गल्लीत शिरले आणि दफेदारांच्या घरात गेले.

दाराला तरटाचा पडदा होता. मी बाहेर ओट्यावर टेकलो. दिवेलागणीची वेळ होती.

आतून दफेदारसाहेबांचा आवाज आला, जड झालेला, शब्द एकमेकांत अडकलेले. “क्या हुआ?”

“तीन-एक,” केशवराव म्हणाले. “सितारा जिंकले.”

“औरंगाबादवालों से?”

“हौ. तिसरा गोल तर असा मारला साहेब, की कीपर उभाच्या उभा. तुम्ही असते तर दोन शब्द बोलले असते.”

खाटेची दोरी कुरकुरली. “लोकां कित्ते थे?”

 गोल द्यायला केशवरावांना काहीच लागलं नव्हतं. गोल ते कुणालाही देत. पण गर्दी? गर्दी त्यांनी आयुष्यात कुणाला दिली नव्हती.

“मैदान भरून गेल्तं,” ते म्हणाले. “चिंचेवर बी माणसं बसली व्हती. तुमची जागा तेवढी मोकळी ठिवली व्हती.”

“और तुम्हारे तरफ?”

नदीपलीकडून, आमच्या मैदानावरून, त्याच वेळी जोराचा जल्लोष आला. आमची मॅच त्या दिवशी उशिरा सुरू झाली होती; कुणीतरी शेवटचा गोल केला असावा. तो पडद्यातून आतही गेला असणार.

“आमच्याकडं दहा-बारा माणसं,” केशवराव म्हणाले. “लगीन असंल कुणाचं तिकडं. वरात निघाली वाटतं.”

खाटेची दोरी पुन्हा कुरकुरली. मग दफेदारसाहेब म्हणाले, “दिल छोटा नक्को करो, केशवराव. मैं उठा की एक जुम्मा तुम्हारे तरफ बैठता.”

“बसा साहेब,” केशवराव म्हणाले. “पण एकच. इकडं लोक वाट पाहून राह्यले तुमची.”