हमीदचाचांचा सर्व्हर

आमच्या शेजारच्या हमीदचाचांकडे पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी युजरनेम मिळतं. वीर स्टेशनवरून रिक्षानं आलेल्या, घामाघूम झालेल्या व्याह्यांनाही त्यांनी आधी पासवर्ड ठरवायला बसवलं आणि तो 'कमजोर हाय' म्हणून दोनदा परत केला.

चाचांची सगळी नोकरी कुवेतला, एका कंपनीच्या स्टोअरमध्ये गेली. तिथली शिस्त ते बॅगेत भरून महाडला घेऊन आले. मुलानं दिलेला जुना कॉम्प्युटर त्यांनी हॉलमधल्या कपाटावर चढवला, घरातले सगळे फोटो त्यात भरले आणि त्याला सर्व्हर म्हणू लागले. "बघायची परमिशन हाय, हात लावायची नाय," हे त्यांचं लाडकं वाक्य. ते फोटोंपुरतं राहिलं नाही. रिमोट, नवा सोफा, परसातला फणस, सगळ्यांना लागू झालं. एकट्या चाची ते जुमानत नाहीत.

मी बाजारपेठेत कॉम्प्युटरचा क्लास चालवतो. पाटीवर 'तज्ज्ञ मार्गदर्शन' असं लिहिलंय. ते पाटी रंगवणाऱ्याचं मत आहे.

एका दुपारी चाचा दारात उभे. चेहरा पडलेला.

"सुधीर, सर्व्हर मलाच आत घेत नाय रे. परमिशन नाय म्हणतो. मला!"

भाच्यानं सोफ्यावर सरबत सांडलं, म्हणून चाचांनी सेटिंगच्या फाईलमधून त्याचं नाव उडवलं होतं. तेव्हापासून हे सुरू.

मी जाऊन बाह्या सरसावल्या. मग पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो आणि मोबाईलवर गुपचूप उपाय शोधला. बाहेर येऊन झोकात एक कमांड मारली. स्क्रीनवर भराभर ओळी धावल्या. चाचा खूश.

"झालं?"

"झालं. म्हणजे... सगळ्या फोटोंचा मालक आता मी झालोय."

"माझ्या पोरांचे फोटो तुझे?"

"तात्पुरते."

"सलमाचं लग्न पण?"

आतून चाची म्हणाल्या, "मग जावय पण त्यालाच देऊन टाका."

घाम पुसत मी चाचांची मालकी चाचांना परत केली. तरी सर्व्हर हटेना. शेवटी जे आधी करायला हवं होतं ते केलं. सेटिंगची फाईल शांतपणे वाचली. आत कुणाला सोडायचं, त्या ओळीत भाचा मजेत बसला होता. त्याचंही नाव हमीदच. चाचांनी रागाच्या भरात भाच्याऐवजी स्वतःलाच घराबाहेर काढलं होतं. नाव परत घातलं, सर्व्हर बंद करून चालू केला, आणि फोटो उघडले.

सलमा शाळेच्या गणवेशात, मुलगा नव्या सायकलवर, ईदचे नवे कपडे, सलमाचं लग्न. मी एकेक पुढे सरकवत होतो.

"चाचा, तुम्ही कुठं दिसत नाही?"

"मी तिकडं होतो ना. हे पाकिटातनं यायचे मला."

"लग्नाला तरी?"

"रजा नाय मिळाली."

 मग चाचा उठले, इस्त्रीचा शर्ट घालून आले, केस विंचरले आणि आत बघून ओरडले, "गो, जरा भायेर ये. सुधीर, मोबाईल काढ."

चाची पिठाच्या हातांनीच येऊन शेजारी उभ्या राहिल्या. चाचा पासपोर्टला उभं राहावं तसे ताठ. मी फोटो काढला, सर्व्हरवर चढवला.

"कुठल्या फोल्डरमध्ये ठेवू?"

"सलमाच्या लग्नात."

"पण चाचा, हा तर आजचा..."

"ठेव रे. पोरं तिकडं लांब. कोण उघडून बघतंय?"

मी ठेवला. चाची स्क्रीनजवळ वाकल्या. नव्या फोटोतल्या नवऱ्याकडे आणि शेजारच्या फोटोतल्या मांडवाकडे बघत राहिल्या.

"थांब रे सुधीर," त्या म्हणाल्या, "हा नको ठेवू. त्या लग्नातली साडी नेसून येते."