सुंठीच्या घरावरची पाटी

घर बांधण्यात माझा हात कोणी धरणार नाही! दिवाळीतल्या माझ्या किल्ल्याला सलग चार वर्षं पहिलं बक्षीस मिळालंय, आणि त्यातली दोन वर्षं तर परीक्षक आमचे मामाही नव्हते. फक्त राहायचं घर तेवढं जमत नव्हतं. कांदिवलीच्या एका खोलीत आम्ही सहा माणसं. एकाने कूस बदलायची ठरवली की बाकी पाचांना विचारावं लागायचं.

म्हणून चौपन्न साली मरोळच्या पास्कल मिस्किटांच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्याचं कळताच मी धावलो. मिस्किटा तिथले जुने गाववाले ख्रिश्चन. माणूस सज्जन, पण दुधाने तोंड पोळलेला. आधीचा भाडेकरू सहा महिन्यांच्या बोलीवर शिरला आणि पहिल्याच दिवशी त्याने दारावर स्वतःच्या नावाची पाटी ठोकली. ती उतरवायला मिस्किटांना कोर्टात सात वर्षं लागली! यापुढे माणूस पारखून घेणार, नाताळला या, मग सांगतो, असं ते म्हणाले.

पारखणार म्हणजे छाप पाडायला हवी. ऑफिसात साहेबाच्या टेबलावरच्या विलायती मासिकात मी नाताळचं एक चित्र पाहिलं होतं. आल्याच्या बिस्किटाचं घर आणि वर साखरेचा बर्फ. समस्त ख्रिश्चन नाताळला हेच खातात, असं मी घरी छातीठोकपणे सांगून टाकलं. माझी बायको उत्तरा म्हणाली, त्यापेक्षा करंज्या नेऊ या. तुला त्यातलं काही कळत नाही, असं सांगून मी कामाला लागलो.

आईने अंड्याला उंबरा ओलांडू दिला नाही. मग कणीक, गूळ आणि शेरभर सुंठ. एवढी सुंठ बघून वाण्याने उत्तराला कितवा महिना म्हणून विचारलं. भट्टी म्हणजे पत्र्याचा डबा, खाली निखारे, वर निखारे. पहिल्या भिंती डब्याला अशा चिकटल्या की डब्यासकट फेकाव्या लागल्या. दुसऱ्या अशा भाजल्या गेल्या की खिडकी पाडायला छिन्नी आणली. छपराला एकतारी पाक लावला, तर छप्पर घसरून थेट आईच्या मांडीवर. मग गोळीबंद पाक केला. त्यात भिंतींबरोबर माझी दोन बोटंही बसली. आईने इवलंसं तोरण बांधलं, मिरची-लिंबूही टांगलं. तरी मला काहीतरी कमी वाटत होतं. तासभर चारोळ्या चिकटवून मी दारावर शेवटचा हात फिरवला. झकास!

नाताळच्या सकाळी परात मांडीवर आणि उत्तराला शेजारी घेऊन अंधेरीहून घोडागाडीने मरोळ गाठलं. मिस्किटा आणि त्यांची बायको परातीतल्या घराभोवती दोनदा फिरले. हे काय, असं त्यांनी विचारलं. तुमचाच नाताळचा पदार्थ, मी म्हणालो.

"आमचा? आमच्यात नेवऱ्या करतात."

उत्तराने पिशवीतून डबा काढला. गुपचूप करंज्या केल्या होत्या! त्याच आमच्या नेवऱ्या, म्हणत मिस्किटाबाईंनी तिला हाताला धरून आत नेलं. जाताना उत्तराने माझ्याकडे पाहिलं नाही, एवढी मेहेरबानी.

तरी मिस्किटा खुशीत होते. त्यांनी छपराचा तुकडा मोडायचा प्रयत्न केला, छप्पर हललं नाही. मजबूत हाय, म्हणाले, आणि खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. खरं सांगतो, मी तिथल्या तिथे खोल्या वाटूनही टाकल्या. एका खोलीत आई आणि मुलं, दुसरीत आम्ही, आणि कूस बदलायला परवानगी नको!

एवढ्यात मिस्किटा दाराशी वाकले. चष्मा लावून चारोळ्यांवरून बोट फिरवत त्यांनी सावकाश वाचलं, "श्यामकांत हरेश्वर कर्णिक."

किल्ली परत खिशात गेली.

"कर्णिक, तुमी खायच्या घरावर पाटी लावली. राहायच्या घराचं काय कराल?"

मी नखांनी चारोळ्या खरवडू लागलो. पण पाक गोळीबंद. एक चारोळी हलेल तर शपथ!

"राहू द्या," मिस्किटा म्हणाले. "ते घर तुमचं. हे माझं."

ते घर आता कांदिवलीच्या खोलीत कपाटावर आहे. फुटत नाही आणि कोणी खातही नाही. आत मुंग्या राहायला आल्या आहेत. मी हळद टाकून पाहिली, आईने हात जोडून पाहिले. हलत नाहीत. मिस्किटांनी सात वर्षं काय सोसलं असेल, ते मला आत्ता कुठे कळतंय.