बुडत्या मालकाची राखणदार

दुपारच्या शांततेत फ्रीजने एक उचकी दिली आणि घर पुन्हा चिडीचूप झाले. लेकीला थोपटत बसलेली छत्र्या शिवणारी बाई जागची हलली नाही. असल्या उचक्यांनी फ्रीज बंद पडला, तर दुरुस्तीला पैसे कुठून आणायचे, म्हणून भ्यायचे कारण आता उरले नव्हते. बाळंतपणाची रजा मागितली म्हणून मालकाने तिला कामावरून काढले, हे बेकायदेशीर होते. त्याने भरपाई द्यावी, असा निकाल कामगार न्यायालयाने दिला होता. निकालाला इतका वेळ लागला, की तेव्हा पोटात असलेली लेक आता शाळेच्या दाराशी येऊन ठेपली होती. तिची फी याच भरपाईतून भरायची होती. सासूबाई म्हणाल्या, देव पावला. देव पावला खरा. मालक पावायचा होता.

वसुली कार्यालयातल्या साहेबांनी निकाल आदराने वाचला, तिचे अभिनंदन केले आणि समजावले, की न्याय देणे हे न्यायालयाचे काम. तो मालकाच्या खिशातून काढायचा, तर खिशात काय आहे ते अर्जदारानेच शोधून द्यायचे.

खिशात काही नव्हते. जप्तीला आलेल्या बेलिफाला बसायला मालकाने शेजारच्या दुकानातून खुर्ची मागून आणली. कारखान्यातली सगळी यंत्रे बँकेकडे गहाण होती. उरले एकच शिलाई मशीन. ते बाईशिवाय कुणाच्याच हाताला वळत नसे, म्हणून बँकेनेही नको म्हटले होते. ते जप्त झाले.

जप्त मालाला राखणदार लागतो. मालकाचा भरवसा नाही, म्हणून बाईचीच नेमणूक झाली. बंद मशीनला लिलावात कुणी कुत्रेही विचारणार नाही, सबब ते चालू स्थितीत राखावे, असा आदेश निघाला. मशीन चालू राखायचे तर चालवावे लागते. बाई रोज सकाळी जाऊन ते चालवू लागली. चालवले की छत्र्या होत. कापड मालकाचे, म्हणून छत्र्याही मालकाच्या.

"साहेब, म्हणजे मी परत त्याच्याकडेच राबतेय की. तेही फुकट."

"राबताय कुठे, बाई? जप्तीची देखभाल करताय. आणि तो बुडाला तर पैसे आधी बँकेला, मग करखात्याला, मग तुम्हाला. त्याला तरंगत ठेवण्यात तुमचंच हित आहे."

बुडत्याला काडीचा आधार असतो म्हणतात. इथे बुडत्यावर दावाही काडीनेच लावला होता.

मालक मात्र माणसात आला. चहा पाठवू लागला, लेकीची चौकशी करू लागला. एकदा म्हणाला, "ताई, आता अगदी निर्धास्त राहा. तुम्ही कामावरच नाही, तर तुम्हाला काढणार कोण?"

छत्र्या खपल्या आणि भरपाईचा पहिला हप्ता आला. त्यातून जप्त मालाच्या राखणीचा खर्च वजा झाला. उरले त्यात शाळेचा प्रवेश अर्ज तेवढा विकत घेता आला. फी पुढच्या हप्त्यावर गेली. कार्यालयाने मात्र हे आदर्श वसुली प्रकरण ठरवले. भरल्या सभागृहात बाईला मंचावर बोलावून मालकाच्याच हस्ते तिला पुष्पगुच्छ दिला. टाळ्यांचा कडकडाट झाला. तुम्ही-आम्ही तिथे असतो तर आपणही हात राखून वाजवल्या नसत्या.

आईचा पदर धरून उभ्या असलेल्या लेकीने मालकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि टाळ्या थांबल्या तशी विचारले,

"आई, तू जिंकलीस म्हणून तुला रोज कामाला जावं लागतं ना? मग हे काका हरले, त्यांना काय करावं लागतं?"