गोविंदरावांचा फिल्टर

आमचे शेजारी गोविंदराव दुसऱ्याच्या गाडीचं इंजिन स्वतःच्या परवानगीशिवाय बंद होऊ देत नाहीत. हो, दुसऱ्याच्या! संध्याकाळी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये ते लुंगीवजा वेष्टी नेसून उभे असतात आणि गाडी आत शिरली की हात वर करतात. "बंद करूं नक्को! टर्बो तापलेला अहे, निवूं दे!" मग दिवसभर दमून आलेला माणूस मुकाट्याने स्टिअरिंगमागे बसून राहतो.

माझे सासरे पुण्याहून आले, त्या दिवशीची गोष्ट. विमानतळापासून आमच्या आवडी या उपनगरापर्यंत ट्रॅफिक, त्यात सासऱ्यांना मधुमेह. गाडी थांबताच ते उतरून लिफ्टकडे धावले. पण घराची किल्ली माझ्या खिशात, आणि माझ्या खिडकीत गोविंदरावांचा हात. सासरे लिफ्टपाशी या पायावरून त्या पायावर होत होते. शेवटी मी ओरडलो, "काका, ही गाडी पेट्रोलची आहे! हिला टर्बो नाही!"

"मग इतका वेळ उगीच कां बसलास?" असं मलाच विचारून ते निघून गेले.

हे गोविंदराव तंजावरकडचे मराठी. घराणं कित्येक पिढ्या तिकडेच, त्यामुळे मराठी जुन्या वळणाची आणि चाल तमिळ. सगळी नोकरी रणगाड्यांच्या कारखान्यात इंजिनं तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी मोटार घेतली: दीड लिटर, चार सिलिंडर, टर्बो डिझेल. "हॉर्सपॉवर कोण्णीही सांगतो. टॉर्क सांग, टॉर्क!" माणसांनाही ते तेच माप लावतात. वरच्या मजल्यावरच्या मुलीला एक स्थळ सांगून आलं, तर हे म्हणाले, "पोरगा बरा अहे. पण चढावर ओढणार नाही." आणि हल्लीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनांचा विषय तर त्यांच्यापुढे काढूच नये. "तीन खुरांची खाट! झोपून दाखव तिच्यावर!"

इथवर मी हसून सोडून दिलं असतं. पण या माणसाने माझे रविवार खाल्ले.

माझ्या बायकोची नोकरी आवडीत आणि माझी सिरुसेरीला. म्हणजे शहराची दोन टोकं. आठवडाभर मी घरात कमी आणि रस्त्यावर जास्त राहतो. रविवारी मला स्टिअरिंग डोळ्यांसमोर नको असतं. नेमके एका रविवारी गोविंदराव दारात उभे! काचबिंदूमुळे डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं होतं आणि बंगळुरूची मुलगी म्हणत होती, गाडी विकून टाका.

"विकेन. पण मरूं देणार नाही," ते म्हणाले. "तंबी, डिझेलची काजळी फिल्टरांत अडकते. वंडी उभी राहिली, नाहीतर बाजारापुरती चालली, की फिल्टर तुंबतो. मग टर्बो, इंजेक्टर, अस्कीं सगळं जातं. आठवड्यांतून एकदा मोठ्या रस्त्यावर एका वेगाने पळवली, की काजळी जळून जाते. तेवढं कर."

"ड्रायव्हर ठेवा ना काका."

"पगारी ड्रायव्हर इंजिन मारतो!"

झालं. दर रविवारी सकाळी मी बाहेरच्या रिंग रोडवर, तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या त्यांच्या हुकमांखाली. "दोन हजार आरपीएम! वर नक्को! खाली पण नक्को!" मागच्या सीटवर त्यांची बायको सुंदराबाई. त्या बाई तर अखंड बोलत. लग्नातला जेवणाचा बेत, नणंदेची नथ, कावेरीचं पाणी. लांबवर एन्नोरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसल्या की टाळी वाजवून म्हणत, "गोपुर दिसलं!" आणि गोविंदराव वळूनही न पाहता म्हणत, "दिसलं, दिसलं." मी दात-ओठ खात एका वेगात काजळी जाळत असे.

परवा शनिवारी त्यांनी मला गाडी सर्व्हिसिंगला न्यायला लावलं. मी तिथल्या माणसाला सहज म्हटलं, फिल्टर जरा बघून घ्या. तो बुचकळ्यात पडला. "सर, या मॉडेलला तो फिल्टर नाहीच. तो पुढच्या मॉडेलपासून आला."

माझं डोकं फिरलं. नसलेल्या फिल्टरची काजळी मी पावसाळा-उन्हाळा जाळत होतो! बायकोला घेऊन कधी समुद्रावर गेलो नाही, कधी दुपारी झोपलो नाही. गाडी घेऊन परत आलो तो तडक त्यांच्या घरात घुसलो. एरवी आमची भेट पार्किंगमध्येच व्हायची. घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो.

सुंदराबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. मी "काकू" म्हटलं. त्यांनी पाहिलं, पण ते पाहणं माझ्यापर्यंत आलंच नाही.

"काका, तुमच्या गाडीला फिल्टरच नाही!" मी ओरडलो.

"ठाऊक अहे," गोविंदराव म्हणाले. "इंजिन माझं. मला ठाऊक नसेल कां?"

"मग?"

ते बायकोच्या मांडीवरची शाल सारखी करत राहिले. "घरांत ती बोलत नाही. मी कोण, हेही नाही सांगत. डॉक्टर म्हणाले, हे असंच वाढणार. पण वंडी मोठ्या रस्त्यावर एका वेगाने चालली, की तिला वाटतं आम्मी तंजावरला निघालों. मग बोलते. माझं नावही घेते."

"हे मला आधी सांगायचं होतं काका!"

तसा त्यांचा आवाज एकदम चढला. "इंजिनासाठी म्हटलं, म्हणून आलास! बायकोसाठी म्हटलं असतं, तर किती आदितवार आला असतास? सांग!"

मी दोन-तीन रविवार आलो असतो. मग सोमवारची मीटिंग, पाठदुखी, पाहुणे. माझा राग काही ओसरला नव्हता, पण तो आता काढायचा कुणावर तेच कळेना. गाडीची किल्ली अजून माझ्या हातात होती. मी म्हटलं, "चला. आत्ताच जाऊ."

सुंदराबाईंना हाताला धरून खाली आणलं, मागे बसवलं. बाजार, फाटक, सिग्नल, सगळीकडे त्या गप्प. रिंग रोडला लागलो, चौथा गिअर पडला, काटा दोन हजारांवर स्थिरावला, तरी गोविंदरावांनी एकही हुकूम सोडला नाही. बऱ्याच वेळाने मागून आवाज आला.

"अहो, वंडी कोण चालवतं?"

गोविंदराव पहिल्यांदाच मागे वळले.

"आपलाच पोरगा अहे," ते म्हणाले.