माशी बांधण्याची पूर्वतयारी

कोणत्याही कामाचे यश ते काम करण्यावर नसून कामाची जागा नीट मांडण्यावर अवलंबून असते. जगातली निम्मी कामे बिघडतात ती वेळेआधी सुरू केल्यामुळे. जे काम सुरूच झाले नाही ते बिघडल्याचे एकही उदाहरण आजवर नोंदवले गेलेले नाही. हे फार थोड्यांना उमगते, आणि अंबरनाथ पूर्वेचा धम्मदीप त्या थोड्यांतला होता.

धम्मदीप एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी खात्याचा सुपरवायझर होता. तिथे ‘फाइव्ह-एस’ नावाची जपानी पद्धत चालते. तिच्यात प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक जागेभोवती पिवळी पट्टी आणि प्रत्येक पट्टी तपासायला एक माणूस असतो. (वेळ उरलाच तर मालही तयार होतो.) या पद्धतीत धम्मदीपच्या विभागाने सलग तीन वर्षे ढाल पटकावली होती. चौथ्या वर्षी ती ठेवायला जागा आखलेली नसल्याने त्याने स्वतःच नाकारली.

त्याचे वडील शंकरअण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. नोकरीत होते तोवर दर रविवारी बारवी नदीवर गळ टाकून बसायचे, सोबतीला तिकडच्याच पाड्यावरचा नवसू. आता अण्णांना काचबिंदू झाला होता. कडेची नजर जात चालली होती, समोरचे तेवढे दिसे. डॉक्टरांनी औषध लिहून दिले आणि म्हणाले, “गेलेली नजर परत येत नाही, आजोबा. उरलेली टिकवू. पण लांबचं काही बघायचं असेल तर यंदाच बघून घ्या.”

अण्णांनी घरी येऊन मुलाला एवढेच सांगितले, “धम्मा, एकदा बारवीवर जाऊ या रे. तू आन मी. मासा नाय लागला तरी चालंल.”

“जाऊ की अण्णा. पण जायचं तर नीट जाऊ.”

या ‘नीट’ला सात महिने लागले.

पहिला आक्षेप गांडुळावर निघाला. अण्णा गळाला गांडूळ लावत. पण दोन गांडुळे कधी सारख्या मापाची नसतात, त्यांच्यावर बॅच नंबर नसतो आणि तपासणीच्या वेळी ती स्थिर राहत नाहीत. त्याऐवजी परदेशात गळावर पीस आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बांधतात व माशाला फसवतात, असे धम्मदीपला जेवणाच्या सुट्टीत एका व्हिडिओवर समजले. व्हिडिओतला गोरा गृहस्थ म्हणाला, माशी नंतर, आधी चांगली जागा आणि मोजकी हत्यारे. असा शहाणा माणूस धम्मदीपने कारखान्याबाहेर प्रथमच पाहिला.

बारीक कामाला उत्तरेचा उजेड लागतो. वन-बीएचकेत उत्तरेला एकच खिडकी, आणि तिच्याखाली अण्णांची खाट. ज्याला कमी दिसते त्याला उजेडाचा उपयोगही कमी, या सरळ हिशेबाने खाट चपलांच्या रॅकशेजारी सरकली आणि खिडकीत टेबल आले. टेबलाची उंची ठरवायला पाच रविवार गेले. गळाचा हुक पकडणारा छोटा व्हाइस बसवायला दोन, आणि तो काटकोनात आहे याची खात्री पटायला तीन.

मग भिंतीवर शॅडो बोर्ड लागला. या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती काढलेली असते, म्हणजे हत्यार जागेवर नसले की लांबूनही कळते. फळीवर कात्री, दाभण, दोरा सोडणारी नळी आणि पीस धरायचा चिमटा यांच्या आकृत्या होत्या. (चिमटा स्वयंपाकघरातून बदलीवर आला. पत्नी भावना तेव्हापासून फुलके बोटांनी उलटत असे.) गाठीवर थेंबभर चिकट काही लागते, म्हणून मुलगी मनालीचे नेलपॉलिश ‘कच्चा माल’ या सदरात जमा झाले.

दोऱ्यासाठी धम्मदीप उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेला. “एक रीळ? साहब, होलसेल है. बॉक्स लो,” दुकानदार म्हणाला. त्याने बॉक्स घेतला. एकशेचव्वेचाळीस रिळे छटांच्या क्रमाने लावायची म्हणून डाळीचे डबे पलंगाखाली गेले. पिसांसाठी तो विठ्ठलवाडीच्या चिकनवाल्या जितेशकडे गेला आणि सात कोंबड्यांच्या मानेला नमुन्याचे पीस लावून पाहू लागला. जितेशने सुरी बाजूला ठेवली. “भाई, पब्लिक वजन बघून घेते. तुम्ही मॅचिंग बघताय. ब्लाउज शिवायचाय काय?”

शेवटी घरभर पिवळ्या पट्ट्या मारल्या गेल्या. दारापासून मोरीपर्यंत पादचारी मार्ग आखला, आणि चपलांच्या रॅकजवळ एक चौकोन करून आत अक्षरे काढली: ‘अण्णा’. कडेचे दिसत नसल्याने अण्णांचा पाय वरचेवर पट्टीबाहेर पडे. पहिल्या महिन्यात असे एकेचाळीस भंग नोंदले गेले. दुसऱ्यात ते सहावर आले, कारण अण्णा फारसे उठेनासे झाले. ही सुधारणा आलेखावर फार सुंदर दिसे.

दर रविवारी सकाळी सातला मात्र अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, काठी घेऊन चौकोनात तयार बसत. दर रविवारी धम्मदीप त्यांना प्रगती कळवी. “आज दिव्याचा कोन ठरवतोय, अण्णा.” अण्णा म्हणत, “बरं.” मग दहाच्या सुमारास शर्ट काढून घडी घालून ठेवत, पुढच्या रविवारी पुन्हा इस्त्री करायला नको म्हणून.

भावनाने एकदाच तोंड उघडले. “अहो, त्यांना मासा नकोय. मासा मी बाजारातनं आणीन. त्यांना तुम्ही पाहिजे आहात.” सूचना चांगली होती. धम्मदीपने ती सूचनावहीत लिहून घेतली आणि पुढच्या तिमाहीसाठी ठेवली.

सातव्या महिन्याच्या अखेरीस मांडणी शहाण्णव टक्के, स्वच्छता शंभर टक्के, अपघात शून्य, वाया गेलेला माल शून्य आणि बांधलेल्या माश्या शून्य अशी स्थिती होती. (शेवटची दोन शून्ये एकमेकांच्या आधाराने उभी होती.)

उरलेल्या चार टक्क्यांच्या पाठीमागे धम्मदीप एका रविवारी टेबलाखाली शिरलेला असताना नवसू दारात आला. तो बाजारासाठी बसने आला होता. पिवळ्या पट्ट्या बघून तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

“पानी उतरलाय, अण्णा. मासा दिसतंय. येतस का?”

अण्णांनी टेबलाकडे पाहिले. टेबलाखालून मुलाचे पाय तेवढे दिसत होते. “धम्मा, जाऊन येतो रे,” ते म्हणाले. “हं,” टेबलाखालून आवाज आला. धम्मदीप टेबलाचे पाय समतल करत होता. दुपारी तपासणीच्या वेळी चौकोन रिकामा आढळला, तेव्हा त्याने रीतसर शेरा मारला: वस्तू जागेवर नाही.

अण्णा दिवेलागणीला परतले. पँट गुडघ्यापर्यंत ओली आणि फडक्यात चार शिंगट्या. गेल्या सात महिन्यांत बोलले नसतील इतके ते एका दमात बोलले. “खंड्या बघितला रे! कडेचं दिसत नाय मला, पण तो बिचारा समोरच बसला. निळाजर्द. तुझी वाट बघितली. म्हटलं, मागनं येशील.”

धम्मदीपने मासे तपासले. ते गांडुळावर लागलेले, म्हणजे मान्यता नसलेल्या पद्धतीने पकडलेले होते. तरीही एक वेळची सवलत म्हणून ते पास करण्यात आले आणि भावनाने त्यांचे कालवण केले. जेवताना धम्मदीपने आपल्या वाटची शिंगटी अण्णांच्या ताटात सरकवली.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली आणि पहिल्यांदाच त्या टेबलाशी कामाला बसला. व्हाइसमध्ये हुक पकडला, दोरा फिरवला, पीस गुंडाळले, गाठ मारली, नेलपॉलिशचा थेंब सोडला. चार मिनिटे लागली, व्हिडिओच्या जाहिराती धरून. माशी मात्र इतकी झकास झाली की खरी माशी येऊन चौकशी करून गेली असती.

ती घेऊन तो चौकोनाजवळ गेला. “अण्णा, बघा. झाली. या रविवारी जाऊ आपण.” आणि त्याने ती वडिलांच्या पसरलेल्या हातांपैकी उजव्या तळहातावर अलगद ठेवली. स्पर्शाने कळावे इतके वजन तिला नव्हते.

अण्णांनी मान खाली घातली, वर केली, पुन्हा घातली. मग चेहरा उजळून म्हणाले, “वा रे पठ्ठ्या! फसकलास झालीय.” आणि ते डाव्या तळहाताकडे बघत होते.

धम्मदीपला फार वाईट वाटले. हे इथे स्पष्ट नमूद केले पाहिजे, कारण त्यासाठी वहीत रकाना नव्हता. रडू येते की काय असे वाटून त्याने चटकन मूळ कारणाचा तपास हाती घेतला. क्वालिटी खात्यात ‘का?’ हा प्रश्न पाच वेळा विचारायची रीत आहे. चौथ्या वेळी उत्तर त्याच्याच दिशेने यायला लागले, म्हणून तपास तिसऱ्यावर थांबवण्यात आला आणि दिवा अपुरा पडतो असा निष्कर्ष निघाला. नवा दिवा मागवला आहे. तो आला की वायरिंग, वायरिंग झाले की टेबलाची उंची नव्याने, आणि मग बारवी. अण्णा “बरं” म्हणाले आहेत.

ज्या वाचकांना धम्मदीपचे हसू आले त्यांच्यासाठी एक छोटी सूचना. “जरा सवड मिळाली की जाऊ” असे तुम्ही ज्या माणसाला सांगून ठेवले आहे, त्याचे नाव आत्ताच एका कागदावर लिहा. नाव तुम्हाला लगेच आठवले आहे, तेव्हा चांगले पेन शोधायला उठू नका.