गाळात रुतलेला सौदा

“आज जे सांगशील ते नेमकं सांग. बोटभरही माया सोडू नकोस,” शर्टाचं शेवटचं बटण लावत कॅशिअरसाहेब म्हणाले. शर्ट बायकोने शिवलेला होता, त्यामुळे त्यात आणखी अर्धे कॅशिअरसाहेब सहज मावले असते.

बायकोने, म्हणजे मावशींनी, मान डोलावली. त्यांचा जन्म शिवणयंत्रावर गेला होता, आणि शिवणकामात माया म्हणजे शिलाईच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड. पुढेमागे माणूस सुटला तर उसवून वाढवता येतं. मावशींनी ही सवय कापडापुरती ठेवली नाही. सातची गाडी असली की त्या साडेसहाची सांगत. चौघं जेवायला असली की आठ जणांचं रांधत. ताप थोडा असला की बराच सांगत, डॉक्टरने हसण्यावारी नेऊ नये म्हणून. कॅशिअरसाहेबांनी बँकेत उभ्या नोकरीत हिशेब चुकू दिला नव्हता. घरीही ते बायकोच्या प्रत्येक बोलण्यातून माया वजा करून घेत. ती वाढवायची, ते कमी करायचे, आणि दोघं वेळेवर स्टेशनावर पोचायची. संसार सुरळीत चालला तो याच्यावर.

प्रश्न बोट विकायचा होता.

बोट घ्यायचा किडा मावशींच्याच डोक्यातला. खाडीच्या धक्क्यावरचे बोटवाले फाटकी शिडं त्यांच्याकडे शिवायला आणत. एकेक शीड एवढं अवाढव्य की हॉलमध्ये पसरलं की कॅशिअरसाहेबांना पेपर वाचायला स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहावं लागे. शिवता शिवता मावशींना वाटायला लागलं, हे कापड वाऱ्यावर कसं दिसतं ते एकदा बघावं. बघितलं, आणि मग एका म्हाताऱ्या औषधवाल्याने वापरून जुनी केलेली, केबिनवाली, लहानसा प्रवास करण्याजोगी शिडाची बोट त्यांनी घेऊनच टाकली. “पन्नाशी उलटलेली, पोहायला येत नाही, चष्म्याशिवाय सुईत दोरा जात नाही,” त्या स्वतःच लोकांना सांगत. “या वयात बायका गुडघ्याला लावायचं तेल घेतात. मी बोट घेतली.”

पुढची पंधरा-वीस वर्षं त्या बोट चालवायला शिकल्या, चुकल्या, धक्क्याला आपटल्या, आणि शेवटी बऱ्यापैकी चालवू लागल्या. कॅशिअरसाहेब धक्क्यावरून हात हलवत. पाणी हलतं ही गोष्टच त्यांना मान्य नव्हती.

मग गेल्या वर्षी बोटीवरून उतरताना मावशींचा पाय सटकला आणि त्या बोट आणि धक्का यांच्या मधल्या फटीत गेल्या. निभावलं एका मोडक्या हातावर. हात प्लास्टरात असेपर्यंत कॅशिअरसाहेबांनी त्यांची वेणी घातली, कशीबशी, आणि वेणी घालताना मागून एकदा म्हणाले, “मला फक्त तुझी चप्पल दिसत होती पाण्यावर. बोट विक.” आवाज असा होता की मावशींनी त्यातून काहीच वजा केलं नाही. शब्द दिला.

पण गिऱ्हाइकं टिकेनात. “गळते का?” असं पहिल्याने विचारल्यावर मावशी म्हणाल्या, “बादल्या काढाव्या लागतात.” दुसऱ्याने इंजिनाबद्दल विचारलं. “त्याच्या मनात आलं तर चालतं,” मावशी म्हणाल्या. तिसऱ्याला त्यांनी शिवणबाईच्या नजरेने वरपासून खालपर्यंत मापलं आणि सांगितलं, “तुम्ही हिच्यात राहिलात तर वर्षभरात कुबड येईल.” तिघेही आले तसे गेले. मावशींचं म्हणणं, आपण फसवणूक टाळत होतो. कॅशिअरसाहेबांचं म्हणणं वेगळं होतं, म्हणून ते आज जिवावर उदार होऊन स्वतः बोटीवर येणार होते.

चौथं गिऱ्हाईक म्हणजे दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको. बायको शाळेत खेळ शिकवायची, त्यामुळे कुठल्याही वाक्याच्या शेवटी तिच्या गळ्यातली शिट्टी वाजेल असं वाटायचं. डॉक्टरांचा एक हात सारखा फोनवर. “कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करा. हो. नाही, त्या दाढेने नका चावू.” एवढं बोलून ते बोटीत चढले.

“गळते का?” फोन खिशात ठेवत त्यांनी विचारलं.

मावशींनी नवऱ्याकडे पाहिलं. “आठवड्याला वाटीभर.”

कॅशिअरसाहेबांनी मान हलवली. बायको पहिल्यांदाच ताळेबंद जुळवून बोलत होती.

“अहो,” दोर सोडता सोडता मावशी त्यांना म्हणाल्या, “ओहोटी लागलीय. दहाच्या आत आपण खाडीच्या तोंडातून परत आत यायला हवं. नाही तर तिथल्या गाळावर पाणी पुरत नाही. मला घड्याळ दिसत नाही, वेळ तुम्ही सांगा.”

हे काम कॅशिअरसाहेबांना पसंत पडलं. घड्याळाकडे बघत बसलं की पाण्याकडे बघावं लागत नव्हतं. दहा म्हणजे साडेदहा, हे त्यांच्या डोक्यात आपोआप, नेहमीसारखं झालं. जसं जिना उतरताना पायरी मोजावी लागत नाही.

बोट सुरेख निघाली. शिडात वारा भरला तशी डॉक्टरांची बायको म्हणाली, “किती शांत आहे हो. आणि या उशा, ही गादी, सगळं तुम्ही शिवलंय?”

खरं तर या प्रश्नानेच घात केला. मावशींना विसरायची सवय नव्हती. “ही निळी उशी ना, आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या पडद्यातलं उरलेलं कापड. बाई कडक, पण पडदे निवडले ते फुलाफुलांचे. ही चौकटीची गादी वकिलांच्या कोटाचं अस्तर. तो कोट त्यांनी घातलाच नाही, ज्या लग्नासाठी शिवला ते लग्नच मोडलं. आणि ही पिवळी...” पिवळी उशी त्यांच्या मोठ्या जावेच्या डोहाळ्यांपासून सुरू झाली आणि तिच्या नातवापर्यंत आली. खाडीचं तोंड कधी आलं ते सुकाणू हातात असून मावशींना कळलं नाही.

आवाज वगैरे काही झाला नाही. जड माणूस मऊ गादीवर बसावा तशी बोट बसली.

“थांबलो का आपण?” डॉक्टर म्हणाले.

“हो.”

“मुद्दाम?”

मावशींनी मान वळवली. “अहो, वाजले किती?”

“साडेदहा. बरोब्बर. आता सांगणारच होतो.”

“मी दहा म्हटलं होतं.”

“म्हणजे साडेदहा.”

“आज दहा म्हणजे दहाच. सकाळी तुम्हीच नाही का बजावलंत, माया सोडू नकोस म्हणून?”

कॅशिअरसाहेबांचा चेहरा, दिवसअखेर पेटीत रक्कम कमी निघाल्यासारखा झाला.

इंजिनाच्या मनात आलं आणि ते चाललं, पण त्याने फक्त गाळ ढवळला. पाणी उतरत गेलं तशी बोट एका अंगावर कलायला लागली. आधी उशा घसरल्या, मग चहाचा थर्मास, मग बाकावर ठेवलेला डॉक्टरांचा फोन. तो अगदी सावकाश निघाला, कठड्यावरून गेला आणि खालच्या चिखलात उभा रुतला. थोडा वेळ त्याचा उजेड दिसत होता. कुणाचा तरी फोन येत होता.

“गेला,” डॉक्टर म्हणाले.

“बरं झालं,” त्यांची बायको म्हणाली.

“माझे पेशंट आहेत गं.”

“दात कुठे पळून जात नाहीत.”

दुसरा फोन कुणाजवळ नव्हता. कॅशिअरसाहेबांना आता काहीतरी करून दाखवणं भाग होतं. किनारा समोर दिसत होता, दोन शेतं ओलांडावीत इतका जवळ. “मी चालत जाऊन मदत आणतो. गाळ किती खोल असेल गं?”

“कमरेपर्यंत.”

“म्हणजे गुडघ्यापर्यंत,” असं म्हणत त्यांनी पाय खाली सोडला.

गाळ कमरेपर्यंत होता.

त्यांना वर काढायला मावशी, डॉक्टर आणि मुख्य म्हणजे शाळेत रस्सीखेच शिकवणारी डॉक्टरांची बायको, तिघांना दोर धरावा लागला. “एकाच वेळी. पाय रोवा. मी सांगितल्यावर,” ती म्हणाली, आणि तिने साहेबांना बटाट्यासारखं उपटून वर आणलं. बूट आणि पँट मात्र गाळानेच ठेवून घेतली. मावशींनी निमूटपणे मुख्याध्यापिकाबाईंचं निळं कापड उशीवरून उसवून त्यांच्या कमरेला गुंडाळलं. वरचा शर्ट गुडघ्यापर्यंत येत होताच. इतक्या वर्षांत शर्टातल्या मायेचा उपयोग झाला तो असा.

“तुम्हाला फुलं शोभतात,” मावशी हळूच म्हणाल्या.

“तू बोलू नकोस.”

“आणखी कुणाला काही उसवून हवंय?”

डॉक्टरांना हसू आवरेना, आणि मग कुणालाच आवरेना.

संध्याकाळच्या भरतीपर्यंत सुटका नव्हती. पण स्वयंपाकघरातल्या मायेवर सकाळी कुणी बंदी घातली नव्हती, त्यामुळे डब्यात आठ जणांपुरते पाव, उकडलेली अंडी, केळी आणि केक होता. चौघं कलत्या बाकावर एका ओळीत, पाय समोरच्या बाजूला टेकवून बसली आणि खात राहिली. बगळे चिखलात चालत होते. फोन एकदाचा विझला. डॉक्टरांनी दोनदा खिसा चाचपला, तिसऱ्यांदा हात तिथपर्यंत जाऊन परत आला, आणि मग ते वकिलांच्या अस्तरावर गाढ झोपले. तोंड उघडं होतं.

“लग्न झाल्यापासून हा माणूस दिवसा झोपलेला मी पाहिला नाही,” त्यांची बायको म्हणाली. ती बराच वेळ नवऱ्याकडे बघत होती. “मावशी, ही बोट आम्ही घेणार. ठरलं.”

मावशी “हं” म्हणाल्या. मग त्या पिवळी उशी झटकायला लागल्या. ती स्वच्छच होती.

निळ्या फुलांत कॅशिअरसाहेब ऐसपैस बसले होते. आधी त्यांनी कठडा घट्ट धरला होता, मग एका हाताने, मग धरायचाच राहिला. दुपारभर त्यांनी बायकोला बघितलं होतं. तिरक्या बोटीवर ती सत्तरीची बाई चहाचा पेला न सांडता इकडून तिकडे जात होती, घरच्या जिन्यावर दम लागणारी.

“ही हलत नाहीये,” ते शेवटी म्हणाले.

“रुतलीय. कशी हलेल?”

“अशी थांबते, हे मला कधी कुणी सांगितलं नाही.” त्यांनी पाय आणखी पसरले. “मी उगाच इतकी वर्षं धक्क्यावर उभा राहिलो.”

भरती आली. बोट कुरकुरत सरळ झाली, तरंगली, आणि मावशींनी ती उतरत्या उन्हात धक्क्याला आणून लावली. डॉक्टर ताजेतवाने होऊन उठले आणि बायकोकडे बघून म्हणाले, “मग, नक्की करायचं ना? कॅशिअरसाहेब, आम्ही तयार आहोत.”

मावशींनी दोर खुंट्याला बांधला. गाठ नेहमीची होती, पण आज ती दोनदा चुकली.

“उत्तम,” कॅशिअरसाहेब म्हणाले. कमरेचं कापड सावरत त्यांनी घसा खाकरला. “फक्त एक गोष्ट सांगायची राहिली. सौदा स्वच्छ असावा. बोट गळते.”

“ते सांगितलं की मावशींनी. वाटीभर.”

“बादल्या,” कॅशिअरसाहेब म्हणाले. “रोज. ही लाजते सांगायला. इंजिन तर आज पाहुण्यांसमोर म्हणून चाललं. आणि डॉक्टर, तुमच्यासारख्या उंच माणसाला वर्षभरात कुबड येईल. आधीच्या गिऱ्हाइकाला आम्ही स्पष्ट सांगितलं होतं.”

डॉक्टरांनी नकळत पाठ ताठ केली. “मावशी, खरं का हे?”

मावशींना सकाळपासून नेमकं बोलायची ताकीद होती. त्यांनी तोंड उघडलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि मिटलं.

डॉक्टरांची बायको मात्र मुलांच्या लबाड्या पकडण्यात मुरलेली होती. तिने निळ्या फुलांतल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, गाठीशी झटापट करणाऱ्या म्हातारीकडे पाहिलं, आणि नवऱ्याच्या दंडाला धरलं. “चल. कुबड नको आपल्याला. फोन मात्र नवीन लगेच घ्यायचा नाही.”

ती दोघं दिसेनाशी झाल्यावर मावशी म्हणाल्या, “वाटीभरच गळते हो.”

“माहीत आहे. मी माया सोडली.”

“आणि मी दिलेला शब्द?”

“तो मी मागितला होता, मीच परत घेतो. उतरताना हात मी धरणार, हे मात्र त्यात धरलेलं आहे.” ते आधी धक्क्यावर उतरले, अनवाणी, आणि हात पुढे केला. मावशींनी तो धरला आणि फट ओलांडली.

घराच्या वाटेवर लोक कापडाकडे वळून वळून बघत होते. कॅशिअरसाहेबांचं लक्ष नव्हतं.

“पुढच्या रविवारी पुन्हा तिथेच जाऊन रुतायचं,” ते म्हणाले. “मी पेपर घेऊन येईन. पाणी किती वाजता उतरेल?”

मावशींनी मनात भरती-ओहोटीचा हिशेब केला. चार वाजता उतरणार होतं.

“साडेतीनला,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे चार,” कॅशिअरसाहेब समाधानाने म्हणाले.